चेकची बातमी का व्हावी?

पुरस्काराची बातमी बहुधा संध्याकाळी येते. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रकाशनाच्या एका लेखकाला मोठा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सव्वासहा वाजले होते आणि कार्यालयातला मुलगा शटर ओढायच्या बेतात होता. पहिला फोन पत्रकाराचा. लेखकाचा फोटो आहे का, जन्मगाव कुठलं, आणि पुस्तक नक्की कशाबद्दल आहे ते दोन ओळींत सांगता का? दुसरा फोन कोल्हापूरच्या एका विक्रेत्याचा: दोनशे प्रती रात्रीच्या पार्सलला टाका. तिसरा फोन वाजत असताना मी स्टॉकची वही उघडली. गोदामात प्रती होत्या एकतीस. बाकीचं पुस्तक फर्म्यांत होतं.

फर्मा म्हणजे सोळा पानांचा छापील, घडी घातलेला कागद. दोनशे आठ पानांच्या पुस्तकाचे तेरा फर्मे होतात. हजार प्रती छापायच्या पण बांधायच्या तीनशेच, कारण बांधणीचा खर्च आजच कशाला, आणि बांधलेली पुस्तकं जागाही जास्त खातात. ही आमच्या धंद्यातली जुनी काटकसर. त्या रात्री नऊ वाजता मी बाइंडरच्या पोटमाळ्यावर मोबाइलच्या उजेडात गठ्ठे मोजत होते. बारा फर्मे सापडले. नववा फर्मा दोन पावसाळ्यांपूर्वी पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं भिजून, फुगून, वाळून शेणीसारखा झाला होता. त्या एका फर्म्यापायी उरलेलं सगळं पुस्तक अडलं. तो पुन्हा छापून, सगळं बांधून प्रती दुकानांत पोचेपर्यंत सतरा दिवस गेले. तोवर बातमी शिळी झाली होती. कोल्हापूरच्या विक्रेत्यानं दोनशेच्या पन्नास केल्या, त्यातल्या अठरा वर्षअखेरीला परत पाठवल्या.

पुस्तक चांगलं होतं आणि पुरस्कार योग्य हातांत गेला होता. कमी पडलो ते आम्ही.

मी या धंद्यात आले ती प्रूफं वाचायला. डोळ्यांना चष्मा लागला, मग हळूहळू हिशेबाच्या टेबलावर सरकले आणि आता बरीच वर्षं तिथंच आहे. या टेबलावरून पुस्तकांच्या बातम्या जरा वेगळ्या दिसतात. पुस्तक पेपरात येतं ते ठरलेल्या कारणांनी: पुरस्कार मिळाला, पुरस्कार काढून घेतला, बंदी आली, कुणाच्या भावना दुखावल्या, लेखक गेला. या सगळ्यात पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या, कुणी विकल्या आणि त्याचे पैसे कुणाच्या खात्यात गेले, हे विचारणारा पत्रकार मला आजवर भेटलेला नाही. मला मात्र तेवढंच विचारावंसं वाटतं. साहित्याचं भलं-बुरं जाणण्याचं इतकं विश्वासू दुसरं साधन मला माहीत नाही.

२०२५च्या मे महिन्यात बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. आपल्याकडे दोन दिवस कन्नड विरुद्ध मराठी अशी तुलना झाली. आपला लेखक तिथं कधी पोचणार, आपल्याला चांगले अनुवादक का मिळत नाहीत, वगैरे. माझ्या डोक्यात मात्र त्या पुरस्काराचा एक साधा नियम घोळत राहिला. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. निम्मी! २०२२ साली गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला ते मिळालं तेव्हा अनुवादक डेझी रॉकवेल यांनाही तसाच अर्धा वाटा होता. आपल्याकडे अनुवादकाला काय मिळतं? बहुतेक ठिकाणी एकरकमी मानधन, तेही पानांच्या हिशेबात, आणि पुस्तकाच्या आवृत्त्या कितीही निघाल्या तरी पुढं काही नाही. ‘चांगले अनुवादक का मिळत नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर आमच्या व्हाउचर फाइलमध्ये आहे. ते शोधायला परिसंवाद भरवायची गरज नाही.

त्याच २०२२ सालचा आपल्याकडचा प्रसंग आठवा. नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या आत्मकथनाच्या मराठी अनुवादाला राज्य सरकारचा अनुवादासाठीचा पुरस्कार ६ डिसेंबरला जाहीर झाला आणि आठवडाभरात शासन निर्णय काढून तो रद्द केला गेला. निवड समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले, सरकारी समित्यांमधून राजीनामे दिले गेले. ते योग्यच होतं. परीक्षकांनी निवडलेलं पुस्तक सरकारनं मागाहून नापसंत करायचं, तर परीक्षक नेमायचेच कशाला? पण त्या गदारोळात एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. पुरस्कार कोबाड गांधींचा नव्हताच, तो अनुवादक अनघा लेले यांचा होता. नक्षलवादाचं उदात्तीकरण झालं की नाही यावर वाहिन्यांवर चर्चा रंगल्या, पुस्तकाला एकाएकी मागणी आली, आणि एक लाख रुपये गेले ते शब्दाशी झटलेल्या बाईंचे. त्या पुस्तकाचा करार काय होता ते मला ठाऊक नाही, त्याच्याशी मला कर्तव्यही नाही. मी रिवाजाबद्दल बोलते आहे. वादानं पुस्तक खपतं हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, मनातल्या मनात आम्ही त्याची वाटही पाहतो. त्या खपात अनुवादकाचा वाटा असावा, असं करारात लिहिणारे प्रकाशक मराठीत मला बोटांवर मोजता येतात. आम्ही स्वतः ते २०१९पासून लिहायला लागलो. उशिराच.

पण या सगळ्याहून मला अस्वस्थ केलं ते विनोद कुमार शुक्ल यांच्या प्रकरणानं, आणि ते दोनदा.

पहिल्यांदा मार्च २०२२मध्ये. अभिनेता आणि लेखक मानव कौल रायपूरला त्यांच्या घरी गेले आणि परतल्यावर त्यांनी जाहीरपणे लिहिलं की हिंदीतल्या या एवढ्या मोठ्या कवी-कादंबरीकाराला त्याच्या पुस्तकांचे वर्षाकाठी काही हजार रुपये मिळतात. शुक्ल तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. आयुष्यभर कृषी विषय शिकवून निवृत्त झालेला, आवाज न चढवणारा माणूस. ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीला १९९९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. त्यांनी स्वतःही पुढे सांगितलं की वर्षानुवर्षं हिशेब नीट मिळत नव्हता, आणि ई-पुस्तकं त्यांना न विचारता निघाली. प्रकाशकांनी आपली बाजू मांडली, आकडे दिले. हिंदीत महिना-दोन महिने मोठा धुरळा उडाला. मराठीत आम्ही सगळे शांत होतो. पुण्याच्या प्रकाशकांचा एक चहाचा अड्डा आहे, तिथं त्या आठवड्यात हवामानावर जेवढी चर्चा झाली तेवढी त्याआधी कधी झाली नसेल.

दुसऱ्यांदा सप्टेंबर २०२५मध्ये. मधल्या काळात ती कादंबरी नव्या प्रकाशकाकडे, हिंद युग्मकडे गेली होती. तरुण मुलं समाजमाध्यमांवर तिच्याबद्दल भरभरून बोलायला लागली, ज्ञानपीठही जाहीर झालं. आणि रायपूरच्या कार्यक्रमात प्रकाशकानं शुक्ल यांच्या हाती एका पुस्तकाच्या रॉयल्टीपोटी तीस लाख रुपयांचा चेक दिला. फोटो देशभर फिरला. मग शंका सुरू झाल्या. एवढं खपतं का कधी? इतकी संथ, जवळजवळ काही न घडणारी कादंबरी इतके लोक घेतील कशाला? ही जाहिरातच असणार. गंमत अशी की यातल्या बऱ्याच शंका आमच्याच व्यवसायातल्या लोकांच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी वर्षाचे काही हजार खरे वाटले तेव्हा यांना शंका आली नव्हती, तीस लाख ऐकल्यावर आली.

तीस लाखांतला पैन् पै मी तपासलेला नाही, माझा तो अधिकारही नाही. मला टोचलं ते वेगळंच. पगार झाला म्हणून कुणी व्यासपीठावर सत्कार करतं का? दूधवाल्याचं बिल चुकतं केलं म्हणून पेपरात फोटो येतो का? लेखकाला त्याच्याच पुस्तकाचे पैसे मिळाले ही बातमी होते, हाच त्या फोटोतला सगळ्यात वाईट भाग होता. शुक्ल त्याच वर्षी २३ डिसेंबरला गेले. आयुष्याच्या अखेरच्या तीन महिन्यांत त्यांच्या वाट्याला तो चेक आला. ती कादंबरी १९९७ची. मधल्या पंचवीस वर्षांत तिला वाचक नव्हते असं कुणी म्हणणार असेल तर म्हणो. मी म्हणेन, तिच्या वाचकांपर्यंत आम्ही लोक पोचलो नव्हतो.

आता आपल्या घरात येऊ. दुसऱ्याच्या अंगणातला कचरा दिसणं सोपं असतं.

मी पूर्वी जिथं नोकरी करायचे तिथली गोष्ट. नाव सांगत नाही, ती संस्था आता तशी राहिलेलीही नाही. एका दुपारी एक वयस्क बाई आल्या, इंदुरी साडी, हातात कापडी पिशवी. त्यांचे यजमान लेखक, जाऊन सहा वर्षं झालेली. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं, त्यावर त्यांच्या गावच्या वाचनालयाचा शिक्का होता. ग्रंथपालाकडून मागून आणलेलं. श्रेयपानावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही चौथी आवृत्ती लिहिलीय बघा. यांच्या वहीत दुसरीपर्यंतच नोंद आहे.” मी रजिस्टर काढलं. तिसऱ्या आवृत्तीची नोंद होती, पैसे दिल्याची नव्हती. चौथीची नोंदच नव्हती. मी मालकांकडे गेले. मालक माणूस वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. कामगाराच्या मुलीच्या लग्नाला पदरचे पैसे देणारे होते. ते म्हणाले, “आवृत्ती नाही ती, पुनर्मुद्रण आहे. पाचशेच काढल्या होत्या. सगळ्या ग्रंथालयांत गेल्या, त्यांचे पैसे अजून यायचेत.” मग खिशातून दोन हजार काढून म्हणाले, “हे द्या त्यांना, आणि चहा पाजा.”

त्या बाईंनी चहा घेतला. दोन हजार घेतले नाहीत. “उपकार नकोत, कागद द्या,” म्हणाल्या. कागद मी देऊ शकले नाही. त्या निघून गेल्या. पुस्तक वाचनालयाला परत करायचं होतं म्हणून वर्तमानपत्रात नीट गुंडाळून घेऊन गेल्या. मला त्या बाईंचा चेहरा आज आठवत नाही, पण तो वाचनालयाचा जांभळा शिक्का आठवतो.

त्यात फसवणुकीचा मोठा कट वगैरे काही नव्हता. होता तो गलथानपणा, आणि त्या गलथानपणाचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो. आवृत्ती म्हणजे किती प्रती हे मराठीत कधी ठरलेलंच नाही. एके काळी अकराशे असायच्या, मग हजार झाल्या, पाचशे झाल्या, आता तीनशेची आवृत्ती सर्रास निघते आणि मागणीनुसार छपाईचं यंत्र आल्यापासून पन्नासचीही निघू शकते. त्यामुळे ‘चौथी आवृत्ती’ या शब्दांना जाहिरातीपलीकडे अर्थ उरलेला नाही. एखाद्याच्या चार आवृत्त्या मिळून बाराशे प्रती, तर दुसऱ्याची पहिलीच तीन हजारांची. वाचक पहिल्याला लोकप्रिय समजतो. लेखकाला कोणत्या आकड्यावर पैसे मागायचे तेच कळत नाही. श्रेयपानावर मुद्रकाचा पत्ता छापतो, मुखपृष्ठकाराचं नाव छापतो, अक्षरजुळणी कुणी केली ते छापतो. मग ‘प्रती : ५००’ एवढं छापायला किती शाई लागते?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आमच्या व्यवसायातल्या लोकांना उद्देशून म्हणते आहे. प्रत्येक छपाईच्या वेळी प्रतींचा आकडा पुस्तकात छापा. वर्षातून एकदा, प्रती विकल्या गेल्या असोत वा नसोत, लेखकाला आणि अनुवादकाला एक पानाचा हिशेब पाठवा: छापल्या किती, बांधल्या किती, भेट दिल्या किती, विकल्या किती, परत आल्या किती. पैसे आज नसतील तर ते कधी देणार ते लिहा. त्यासाठी कायदा बदलायला नको, अनुदान नको, संमेलनात ठराव तर मुळीच नको. आपले ठराव ज्या कागदावर लिहितात तो कागदही कुणी नंतर मागत नाही.

यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत, कारण ती मी स्वतः दिलेली आहेत. पहिलं उत्तर: धंद्यात राहिलंय काय? तर गणित मांडू. तीनशे रुपये किमतीचं पुस्तक घ्या. विक्रेत्याची सवलत चाळीस टक्के धरली तर आमच्याकडे येतात एकशे ऐंशी. लेखकाचे दहा टक्के, तीस रुपये. पाचशेच्या छपाईत कागद-छपाई-बांधणी मिळून एका प्रतीला ऐंशी-नव्वद सहज लागतात. उरले साठ-सत्तर. त्यात प्रूफं, अक्षरजुळणी, चित्रकार, गोदामाचं भाडं, दोन माणसांचे पगार, पार्सलचा खर्च, आणि न विकलेल्या दोनशे प्रतींचा भार. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक अभिनंदन करतात; कागदावर आणि छपाईवर आहे, आणि तो आम्हाला पुढं कुणाकडून वसूल करता येत नाही हे त्यांना माहीत नसतं. शिवाय उधारी. वाचनालयांना सरकारी अनुदान हप्त्यानं येतं आणि तो हप्ता लांबला की त्यांचं बिल लांबतं, त्यांचं लांबलं की वितरकाचं, वितरकाचं लांबलं की आमचं. साखळीच्या शेवटी कोण उभा असतो? लेखक. कागदवाला थांबत नाही, मुद्रक थांबत नाही, वीजमंडळ तर नाहीच. थांबतो तो एकटा लेखक, कारण त्याला मागायची लाज वाटते. आणि त्या लाजेवर आमचा अर्धा रोखप्रवाह चालतो. हे वाक्य लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

पैसे उशिरा देण्याला मी एकवेळ माफी देईन. हिशेबच न देण्याला कुठलीही सबब चालत नाही. अनुदान थकलंय म्हणून बेरीज येत नाही असं होत नाही.

दुसरं उत्तर: लेखकच करार मागत नाहीत, त्यांना पुस्तक निघण्याशी मतलब. हे मात्र खरं आहे, आणि लेखकांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात जणांना मुखपृष्ठाची आणि प्रकाशन समारंभाला पाहुणे कोण याची काळजी असते. काही जण तर स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढायला तयार असतात, आणि अशांना गाठून पैसे घेणारी दुकानं आता गल्लोगल्ली आहेत. प्रकाशकाला पैसे देऊन वर त्याचे आभार मानणारा लेखक रॉयल्टी कशाला मागेल? पण ज्यांचं पुस्तक प्रकाशक स्वतःच्या खर्चानं काढतो त्यांनी निदान कायदा वाचावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं एकोणिसावं कलम दोन पानांचंही नाही. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, त्यात मानधन किती, किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी हे हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरली जातात. हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत आणि करारात तसं काही वेगळं ठरलेलं नसेल तर ते सुटतात. २०१२च्या दुरुस्तीनंतर अठराव्या कलमात आणखी एक कामाची गोष्ट आली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचे हक्क त्या करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय गेले असं धरता येत नाही.

याचा अर्थ काय ते बघा. किंडलवर मराठी पुस्तकं आली डिसेंबर २०१६मध्ये. पुढच्या वर्षी स्टोरीटेल आलं आणि एकदम कथा-कादंबऱ्या कानांनी ऐकायच्या झाल्या. त्यांच्या कराराची वेळ आली तेव्हा प्रकाशकांनी जुन्या फाइली काढल्या. १९८५च्या पोस्टकार्डावर लेखकानं लिहिलेलं असायचं, ‘पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायला माझी हरकत नाही. कळावे, लोभ असावा.’ या पोस्टकार्डातून श्राव्य पुस्तकाचे हक्क कसे काय निघतात? आम्ही आमच्या तेवीस लेखकांना, आणि लेखक नसतील तिथं त्यांच्या वारसांना, नव्यानं पत्रं लिहिली. चौदांनी लगेच सही केली. तिघांनी जास्त टक्के मागितले आणि मिळवले. एका लेखकाच्या मुलानं अमेरिकेतून कळवलं की बाबांनी पुस्तकं लिहिली होती हेच त्याला अर्धवट माहीत होतं, प्रती पाठवता का? पाच जणांचा पत्ता लागला नाही. त्यांचे हक्क तसेच पडून आहेत आणि पडून राहतील. कुणी विचारलं तर सांगू, आमच्याकडे नाहीत.

तिसरं उत्तर हल्ली फार ऐकू येतं: वाचकच नाहीत हो, हिशेब कशाचा द्यायचा? हे उत्तर देणाऱ्यानं ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर एक फेरी मारावी. मी गेली कित्येक वर्षं तिथं स्टॉलवर उभी राहते. परभणीहून, यवतमाळहून रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभं राहून आलेली माणसं पन्नास-शंभरच्या नोटा मोजून पुस्तकं घेतात, पिशवी भरून घेतात. एका आजींनी माझ्याकडून तीन पुस्तकं घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं. नातीसाठी, म्हणाल्या, आणि कोणतं आधी वाचायचं तेही विचारून घेतलं. या वाचकासाठी सरकारनं काय केलं? बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांसाठी कोट्यवधींचा कागद विकत घेतला आणि तो गोदामात पडून राहिला. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर डिसेंबर २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा हालचाल सुरू झाली. तिथं वाचक होता, लेखनाचे हक्क होते, कागदही होता. नव्हतं ते छापून वेळेवर पोचवणारं कुणी. त्या बातमीनं मला आमचा नववा फर्मा आठवला. सरकारचा फर्मा जरा मोठा, इतकंच.

वाचक कमी झालेत की वाटा बदलल्यात यावर मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. पण जो व्यवसाय आपल्या प्रती मोजत नाही, त्याला वाचक किती उरले हे सांगायचा अधिकार कुठून आला? आकडेच नाहीत. ‘मराठी पुस्तक खपत नाही’ हे विधान आणि ‘चौथी आवृत्ती दोन महिन्यांत संपली’ ही जाहिरात एकाच प्रकाशकाच्या तोंडून, एकाच आठवड्यात मी ऐकलेली आहे. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, आनंद झाला. त्या भाषेत वर्षाला एखादं पुस्तक नेमकं किती जण विकत घेतात, हे विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

बेकायदा प्रतींबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही, पण त्यावर मी थोडकंच बोलेन. रस्त्यावर मिळणारी नकली प्रत आणि फोनवर फिरणारी पीडीएफ हा चोरीचा माल आहे. ती पीडीएफ ‘ज्ञानाचा प्रसार’ म्हणून पाठवणारे बऱ्याचदा निवृत्त प्राध्यापक असतात, याची मला फार मौज वाटते. मात्र आम्ही प्रकाशक जेव्हा त्यावर गळा काढतो, तेव्हा लेखक गप्प बसून ऐकतो, आणि तो काय विचार करत असेल ते मला कळतं. नकली प्रतीवर त्याला शून्य मिळतात. आमच्या असली प्रतीवर किती मिळाले, ते त्याला माहीत नसतं.

आम्ही हिशेबाचे कागद पाठवायला लागलो त्याला आता काही वर्षं झाली. मे महिन्यात पाठवतो. पहिल्या वर्षी भीती वाटली होती की भांडणं होतील. झाली नाहीत. उलट काही लेखक वरमले. एका कवीनं फोन करून विचारलं, सातच प्रती गेल्या हे कागदावर लिहायलाच हवं होतं का? मी म्हटलं, हवं होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, कोण असतील हो ते सात?

गेल्या वर्षी एका जुन्या लेखकांना चारशे वीस रुपयांचा चेक गेला. चौदा प्रतींचे. चेकवर एवढी लहान रक्कम लिहिताना लाज वाटली, तरी लिहिली. आठवड्यानं त्यांचा फोन आला. आवाज थकलेला, पण सूर मुनिमाचा. “अहो बाई, चौदा नव्हे, सोळा. नाशिकच्या प्रदर्शनात मी स्वतः दोन विकत घेतल्या होत्या, तुमच्याच स्टॉलवर. भाच्यांना द्यायला.” मी म्हटलं, बघते. नाशिकचं बिलबुक दुसऱ्या कपाटात होतं, मुलगा सुट्टीवर. दोन दिवसांनी सापडलं. काका बरोबर होते. दोन प्रती, रोख, सही त्यांचीच. मी फोन केला आणि विचारलं, साठ रुपये आता पाठवू की पुढच्या हिशेबात धरू?

“पुढच्या हिशेबात धरा,” ते म्हणाले. “थांबा, तारीख सांगा. मी लिहून ठेवतो.”

मी तारीख सांगितली. पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, मग पेन चालेना म्हणून दुसरं शोधल्याचा. मी थांबले.